साल लोंबणारी दोन झाडं: शॅगबार्क की शेलबार्क?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात इव्हान्सव्हिलच्या बाहेर, ओहायो नदीपासून फार लांब नाही अशा ठिकाणी एका मराठी कुटुंबाने दीड एकराची जागा घेतली आहे. घरामागच्या उतारावर एक मोठं झाड आहे आणि खाली ओढ्याकाठी दुसरं. दोन्हींची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटून लोंबते. शेजारी वरच्या झाडाला शॅगबार्क हिकरी म्हणतात, तर घर विकणाऱ्या बाईंनी दोन्ही झाडं शेलबार्क असल्याचं सांगितलं होतं. हिकरी म्हणजे अक्रोडाच्या कुळातली झाडं, शॅगबार्क आणि शेलबार्क ही त्यातल्या दोन जातींची नावं. खरं कोणाचं? फळं खाण्याजोगी आहेत का? आणि मागे खोली वाढवायची आहे, तर एखादं तोडलं तर चालेल का? सोबत नोव्हेंबरातले पाच फोटो आहेत, त्यातले चार खोडाचे.

चार फोटो खोडाचे बघून हसू आलं, कारण सुरुवातीला मीही तेच करायचे. दक्षिण इंडियानात झाडं तपासण्याचं काम मला आता २२ वर्षं होत आली. हिकरीसमोर उभं राहिलं की नजर आधी सालीवरच जाते. जाणारच, एवढी विस्कटलेली साल दुसऱ्या कुठल्या झाडाची असते? पण या दोघींमधला निकाल सालीवरून लावू नका. झाड या दोहोंपैकी एक आहे, एवढंच साल सांगते. कोणतं ते सांगत नाही.

नावांचा गोंधळ जुना आहे. शॅगबार्क म्हणजे कॅरिया ओव्हाटा, शेलबार्क म्हणजे कॅरिया लॅसिनिओसा. दोन्ही अक्रोडाच्या कुळातल्या, आणि पिकन ही त्यांची सख्खी बहीण. लॅसिनिओसा या शब्दाचा अर्थ चिंध्या झालेली, झालरीसारखी. गंमत अशी की जास्त चिंध्या शॅगबार्कच्या होतात आणि नाव मिळालं शेलबार्कला. जुन्या लिखाणात शॅगबार्कलाही सर्रास शेलबार्क म्हटलेलं सापडतं, नदीपलीकडे केंटकीत दोन्हींना 'स्केलीबार्क' म्हणणारे म्हातारे आजही भेटतात. त्यामुळे घर विकणाऱ्या बाई चुकल्या असं मी म्हणणार नाही. त्या त्यांच्या आजीची भाषा बोलत असतील.

सालीबद्दल जे सांगता येतं ते सांगून टाकते. झाड कोवळं असताना, म्हणजे पहिली २५-३० वर्षं, दोघींची साल राखाडी आणि बरीच गुळगुळीत असते. मग ती सुटायला लागते. शॅगबार्कचा पट्टा मध्ये खोडाला धरून राहतो आणि वरखाली दोन्ही टोकं बाहेर वळतात, भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखी. शेलबार्कचे पट्टे बहुधा जास्त लांब, सरळ आणि खोडालगत असतात. बहुधा म्हणते, कारण उन्हात वाढलेलं झाड आणि दाट रानात वाढलेलं झाड यांची साल एकाच जातीत इतकी वेगळी दिसते की मी त्यावर पैज लावणार नाही. तुमचा दुसरा आणि चौथा फोटो शेजारी ठेवून पाहिले. मला फरक सांगता आला नाही.

आता पानं. इथे एक गोष्ट आधी लक्षात घ्या. कडुलिंबाचं जे एकेक दातेरी पान आपण म्हणतो ती खरं तर पर्णिका. काडीसकटचा सगळा पिसारा मिळून एक पान होतं. हिकरीचंही तसंच, फक्त पर्णिका हाताच्या पंजाएवढ्या. शॅगबार्कला बहुतेक वेळा ५ पर्णिका असतात, शेंड्याकडच्या तीन ठळकपणे मोठ्या आणि देठाजवळच्या दोन लहान. शेलबार्कला साधारणपणे ७, कधी ५, कधी ९. शॅगबार्कचं अख्खं पान २० ते ३५ सेंटिमीटर भरतं, शेलबार्कचं ६० पर्यंत जाऊ शकतं.

या 'कधी ५' ने मला एकदा चांगलंच अडवलं. एका घराच्या कागदपत्रांसाठी झाडांचा अहवाल हवा होता. जुलैचा महिना, हाताला येणाऱ्या खालच्या फांद्यांवर पानं मोजली, सगळी पाच पर्णिकांची. शॅगबार्क लिहून मोकळी झाले. जानेवारीत त्याच अंगणात दुसऱ्या कामासाठी गेले आणि मान वर केली, तर निष्पर्ण झाडाच्या फांद्यांवर पानांचे नुसते देठ अजून लटकत होते, उदबत्ती जळून उरलेल्या काड्यांसारखे. ते शेलबार्क होतं. घरमालकांना दुरुस्तीचं पत्र पाठवलं, आणि तेव्हापासून सावलीतल्या एका फांदीवर भिस्त ठेवणं सोडलं.

तर ही हिवाळ्यातली काडी म्हणजे माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. शेलबार्कच्या पर्णिका गळून जातात, पण मधला देठ बऱ्याचदा फांदीला चिकटून हिवाळाभर राहतो. शॅगबार्कचं पान देठासकट पडतं. एक फांदी खाली मिळाली तर शेंडाही बघा. शेलबार्कची डहाळी जाड, फिकट बदामी ते नारिंगीकडे झुकणारी असते आणि तिच्यावर नारिंगी ठिपके असतात. शॅगबार्कची डहाळी तांबूस तपकिरी किंवा राखाडी. दोघींच्या टोकाचे डोळे, म्हणजे पानांच्या कळ्या, मोठे असतात, शेलबार्कचे त्यातही मोठे, कधी इंचभर.

भिंग असेल तर पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक बघता येईल. शॅगबार्कच्या पर्णिकेची कडा उजेडासमोर धरा. प्रत्येक दात्याच्या टोकापाशी केसांचा बारीकसा झुबका दिसतो. नजर चांगली असेल तर भिंगाशिवायही दिसेल, मला आता चष्म्यावर भिंग लागतं. शेलबार्कला ते झुबके नसतात, पण पानाची खालची बाजू बोटाला मखमलीसारखी लागते. आणि एप्रिलअखेर शॅगबार्कचे डोळे उमलताना चुकवू नका. आतली आवरणं पाकळ्यांसारखी मोठी होऊन मागे वळतात, पिवळट-गुलाबी. दर वसंतात कुणीतरी मला 'हिकरीला कमळं आली' म्हणून फोटो पाठवतं.

झाड उभं कुठे आहे, यातच अर्धं उत्तर असतं. शॅगबार्क उताराची, टेकडीची, पाणी निघून जाणाऱ्या जमिनीची. कॅनडाच्या दक्षिण क्वेबेकपासून टेक्सासच्या पूर्व भागापर्यंत पसरलेली, म्हणजे तशी मिळूनमिसळून राहणारी. शेलबार्क मात्र नदीकाठच्या सखल, गाळाच्या, सुपीक जमिनीची. ओहायो, वॉबॅश, मिसिसिपी यांच्या खोऱ्यांत तिचं खरं घर. वसंतात काही दिवस पाण्यात उभी राहिली तरी तिला चालतं. नेमक्या याच जमिनी मका आणि सोयाबीनसाठी साफ झाल्या, म्हणून शेलबार्क शॅगबार्कएवढी सहज दिसत नाही.

फळाकडे येऊ. बाहेरच्या जाड हिरव्या आवरणाला मी सोडण म्हणते, नारळाचं म्हणतो तसं, आणि आतल्या कठीण कवचाला करवंटी. दोघींचं सोडण पिकलं की बुडापर्यंत चार फाकांत उकलतं. शॅगबार्कची करवंटी पांढुरकी, थोडी चपटी, चार धारांची आणि साधारण अडीच ते साडेतीन सेंटिमीटर. शेलबार्कची पिवळट-तांबूस, जाड आणि बरीच मोठी. सगळ्या हिकऱ्यांमध्ये सर्वांत मोठं फळ तिचंच, म्हणून तिला किंगनट असंही म्हणतात. तुमच्या पाचव्या फोटोत तळहातावर फळ आणि शेजारी क्वार्टरचं (पंचवीस सेंटचं) नाणं आहे, हे फार छान केलंत. नाणं २४ मिलिमीटरचं, फळ त्याहून थोडंसंच मोठं आणि पांढुरकं. हे शॅगबार्कचं. पण ते कोणत्या झाडाखाली मिळालं ते तुम्ही लिहिलं नाही, आणि लिहिलं असतं तरी मी एका फळावर विश्वास ठेवला नसता. खारी फळं कुठून कुठे नेऊन पुरतात याला धरबंद नाही. झाडाखालच्या सोडणाच्या फाका गोळा करा. खार फळ पळवते, फाका बहुधा तिथेच टाकते.

माझा निर्णय सांगते. वरचं झाड उतारावर आहे आणि पहिल्या फोटोत जमिनीवर पडलेलं एक पाच पर्णिकांचं पान देठासकट दिसतं. ते शॅगबार्क, शेजारी बरोबर आहेत. खालच्या झाडासाठी तिसऱ्या फोटोचा वरचा उजवा कोपरा मोठा करून बघा. तुमचं लक्ष खोडावर होतं, पण तिथे एका फांदीवर चार-पाच रिकामे देठ लटकताहेत. ओढ्याकाठ, गाळाची जमीन आणि हे देठ. मी शेलबार्क म्हणेन.

थोडी जागा मात्र सोडून ठेवते, कारण या दोघींची सोयरीक जुळते. दोघींमध्ये गुणसूत्रं ३२, त्यामुळे शेजारी वाढल्या तर संकर होतो. त्या संकराला कॅरिया डनबारी असं नावही आहे. पिकनमध्येही ३२च, म्हणून पिकन आणि हिकरीचा संकर होतो आणि त्याला हायकन म्हणतात. मॉकरनट आणि पिग्नट या दुसऱ्या हिकऱ्यांमध्ये ६४ असल्याने त्या या भानगडीत सहसा पडत नाहीत. तुमच्या दोन झाडांत अंतर थोडंच आहे. आवारात उगवलेली रोपं दोन्हींसारखी किंवा कशासारखीच दिसली नाहीत, तर गोंधळू नका.

खायचं का? जरूर. दोन्ही गोड. तोंड कडू करणारी हिकरी ती बिटरनट, तिचा डोळा गंधकासारखा पिवळा असतो आणि साल चिकटलेली, तिची तुमच्याकडे भीती नाही. घरात कुणाला अक्रोडाची किंवा पिकनची ॲलर्जी असेल तर मात्र हात लावू नका, कूळ एकच. करवंटीला गोल भोक दिसलं तर टाकून द्या. आतली सोंड्याची अळी गर खाऊन त्या भोकातून बाहेर गेलेली असते. बाकीची पाण्यात टाका, तरंगतील ती बहुतेक पोकळ. बुडालेली पुसून हवेशीर सावलीत दोन आठवडे पसरा. गर काढून ठेवायचा तर फ्रीझरमध्ये ठेवा, कारण १०० ग्रॅम गरात ६४ ग्रॅम स्निग्धांश असतो आणि बाहेर तो खवट होतो.

फोडणं हीच खरी परीक्षा. पहिल्या वर्षी मी आईचा साताऱ्याहून आणलेला अडकित्ता शेलबार्कवर चालवला आणि त्याची खीळच निसटली. आता शॅगबार्कसाठी हातोडी आणि सपाट दगड घेते. फळ चपट्या अंगावर न ठेवता धारेवर उभं धरायचं, देठाच्या बाजूने साधारण एक तृतीयांशावर नेमका एक घाव. जमलं तर अर्धा गर अखंड निघतो. शेलबार्क मी बाकावरच्या शिकंज्यात धरून पिळते. गर मोठा मिळतो, पण करवंटी इतकी जाड की किलोभर फळांतून हाती येतं ते बघून वाईट वाटतं. चवीला मला शॅगबार्क सरस वाटते, माझ्या नवऱ्याला शेलबार्क. हा वाद आमच्याकडे १५ वर्षं चालू आहे.

एवढी झटापट नको असेल तर इथल्या मूळ रहिवाशांची रीत घ्या. हिकरी हा शब्दच मुळी व्हर्जिनियाच्या अल्गाँक्वियन भाषेतल्या पॉकोहिकोरा या शब्दावरून आला, आणि तो झाडाचं नव्हे तर फळं कुटून केलेल्या दुधाचं नाव होता. १८व्या शतकात विल्यम बार्ट्रम या वनस्पतिशास्त्रज्ञाने क्रीक या मूळ रहिवासी लोकांच्या एकेका घरात या फळांचे शंभराहून जास्त बुशेल (धान्य मोजायचं मोठं माप) साठवलेले पाहिले होते. कृती सोपी आहे. फळं करवंटीसकट ठेचायची, उकळत्या पाण्यात टाकायची, करवंटीचे तुकडे तळाशी बसतात आणि साय वर येते, मग बारीक गाळणीतून गाळायचं. फळं पडतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे नवरात्राच्या आसपास. आम्ही दर कोजागिरीला हे दाट पाणी मसाला दुधात निम्मं निम्मं घालतो, वर केशर आणि जायफळ. वेलदोडा घालू नका, हिकरीची स्वतःची चव त्यात बुडते. करवंटीचा एकही कण राहू देऊ नका, दात हलतो. गाळणीवर पंचा टाका.

सालीचं सरबतही इथे बाटल्यांतून विकतात. शॅगबार्कची सुटलेली साल भाजून उकळायची आणि त्या अर्कात साखर घालून आटवायची. धुरकट, बरं लागतं. पण त्यासाठी खोडावरची साल ओरबाडू नका, खाली पडलेलीच घ्या. यामागे एक कारण आहे, आणि तुमच्या तोडण्याच्या प्रश्नाशीही त्याचा संबंध आहे.

इंडियाना बॅट नावाचं एक छोटं वटवाघूळ आहे, १९६७ पासून केंद्र सरकारच्या संकटग्रस्त यादीत. हिवाळा ते गुहांमध्ये काढतं, आणि उन्हाळ्यात माद्या पिलांसह सुटलेल्या सालीखाली, पट्टा आणि खोड यांच्या फटीत राहतात. शॅगबार्क त्यांना विशेष सोयीची. म्हणून या भागात अशी झाडं तोडायचीच झाली तर थंडीच्या महिन्यांत तोडतात, आणि आधी राज्याच्या वन्यजीव कार्यालयाला विचारावं. जून-जुलैत करवत लावू नका, ठेकेदार कितीही स्वस्तात म्हणाला तरी.

पण तोडू नका असंच मी म्हणेन, आणि विशेषतः खालचं. तुमची खोली वरच्या झाडाकडे वाढणार आहे, तर धोका करवतीपेक्षा पायाच्या चराचा जास्त. जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा व्यास मोजा. जितके इंच तितके फूट, एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ खोडाभोवती आखा. फोटोवरून तुमचं झाड २० इंचांच्या आसपास वाटतं, म्हणजे २० फूट. त्या वर्तुळात खणणं नको, खडी नको, ट्रक उभा करणं नको, आणि खोडाशी माती चढवणं तर अजिबात नको. हिकरी लगेच मरत नाही. तीन-चार वर्षांनी शेंडा वाळायला लागतो, आणि तोवर ठेकेदाराचा फोन नंबरही बदललेला असतो. अशी मुळं दुखावलेली झाडं दुष्काळी उन्हाळ्यात साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्याही तावडीत सापडतात.

तोडून दुसरं लावू, असं मनात असेल तर हिशेब ऐका. दोन्ही जाती नीट फळं धरायला साधारण ४० वर्षं घेतात. रोपवाटिकेतलं मोठं झाड आणून लावणं कठीण, कारण पहिल्याच वर्षी सोटमूळ दोन-तीन फूट खाली जातं आणि वर वीतभर काडी दिसते. ते मूळ तुटलं की रोप रुसतं. लावायचंच तर फळ लावा. ओल्या वाळूत फ्रिजमध्ये तीन-चार महिने ठेवा, मार्चमध्ये जागेवरच पुरा आणि वर खारींसाठी जाळी घट्ट खिळा. शॅगबार्क वर, शेलबार्क खाली, उलट नको. कलमी झाडं थोडी लवकर फळतात.

लाकडाचं विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण तोडायला येणारा माणूस लाकडाचे पैसे कापून देतो म्हणेल. लाकडाच्या वखारीत या दोघींत फरक करत नाहीत, दोन्ही 'खरी हिकरी' म्हणून विकल्या जातात. लाकडाचा कडकपणा मोजणाऱ्या जांका चाचणीत शॅगबार्कचा आकडा १,८८० पाउंड-बल आणि शेलबार्कचा १,८१०. हातोड्या-कुऱ्हाडींचे दांडे, ड्रमच्या काठ्या, पूर्वी गोल्फच्या काठ्या आणि गाडीच्या चाकांचे आरे हिचेच, आपल्याकडे तिवस आणि धावड्याला जो मान तो इथे हिला. पण अंगणातल्या एका झाडात खिळे, तारा सापडतात म्हणून गिरणीवाले ते घ्यायला कां-कूं करतात. शेवटी ते मांस धुरावण्याच्या लाकडाच्या भावात जातं.

जानेवारीत, पानांचा कचरा नसताना, खालच्या झाडाची एक पडलेली डहाळी आणि सोडणाच्या दोन फाका यांचा फोटो पाठवा, शेजारी तेच क्वार्टरचं नाणं ठेवून. डहाळी नारिंगी निघाली तर शेलबार्कवर शिक्का. खोडाचा फोटो आता एकही नको.